डाव्या पोटरीचं माप

मी शिलाईचा टेप बोलतोय. पिवळा, दीडशे सेंटिमीटरचा, शिंप्याच्या गळ्यात लोंबतो तसला. दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. दोष बिरप्पाचा. जोतिरामच्या बापाचा. नशिबाचा नाही, देवाचा नाही, डासांचाही फार नाही. डास चावले आणि उडून गेले. बिरप्पा आठ वर्षं तीच चूक करत राहिला.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कुठल्याशा कारखान्यात लांबच लांब पट्टीवर आकडे छापले, दीडशेवर कापलं, दोन्ही टोकांना पत्रा ठोकला. सांगोल्याच्या बाजारातून दिपालीने मला घरी आणलं. दिपाली म्हणजे जोतिरामची थोरली बहीण. शिवणक्लास करून तिने घराच्या पुढच्या सोप्यात मशीन मांडली होती. पहिल्याच आठवड्यात एका कोकराने माझं एक टोक चघळून तोडलं. तेव्हापासून ती मला दहाच्या आकड्यावर धरते आणि आलेल्या मापातून दहा वजा करते. तुटका आहे, पण खोटा नाही.

माणसं मापाला उभी राहिली की पोट आत ओढतात, श्वास कोंडतात, छाती काढतात. कुणासाठी ते त्यांनाच ठाऊक. मी तर आहे तेवढंच सांगतो. शिवलेलं अंगाला झालं नाही की मग टेपला नावं ठेवतात.

जोतिराम सतरा वर्षांचा असताना मी पहिल्यांदा त्याच्या पायाला वेढलो. त्याची पँट डाव्या पायात शिरेना, म्हणून दिपाली सैल पायजमा शिवणार होती. उजवी पोटरी साडेपस्तीस. डावी चव्वेचाळीस. दिपालीने मला दोनदा काढून दोनदा लावलं. मग मापांच्या वहीत, कुणाच्या तरी ब्लाउजच्या खाली, तिने ‘जोती, डावी पोटरी, ४४’ असं लिहिलं आणि वही मिटली.

हे दुखणं त्याच्या चौदाव्या वर्षीचं. आधी घोट्यावर सूज आली. मग दर दोन-तीन महिन्यांनी एकच नाटक. हुडहुडी भरायची, ताप चढायचा, जांघेत अवधाणाची गाठ यायची, पाय तांबडालाल होऊन तव्यासारखा तापायचा. आठवड्याने ताप उतरायचा. सूज थोडी उतरायची, पण होती तिथवर परत कधीच जायची नाही. बारावीच्या दुसऱ्या पेपराला जोतिराम वर्गात न जाता घोंगडीखाली कुडकुडत पडला होता. पुढे तो शाळेत गेला नाही आणि घरातल्या एकानेही ‘जा’ म्हटलं नाही.

बिरप्पाचा इलाज ठरलेला. बिब्ब्यात सुई खुपसायची, दिव्यावर धरायची, आणि उतू आलेलं काळं तेल सुजलेल्या पायावर ठिपक्याठिपक्यांनी द्यायचं. वर आई, गोजाबाई, बिरोबाचा भंडारा फासायची आणि लुगड्याच्या चिंधीने आवळून बांधायची. बिब्ब्याचे फोड फुटायचे, त्यात धूळ जायची, आणि पुढचा ताप लवकर यायचा. आई गरीब, आई भोळी, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. तिला दिसत होतं आणि ती गप्प बसली.

आणि कारण काय सांगायचे? ‘चौदा वर्साचा असताना ह्यो चप्पल घालून देवाच्या गाभाऱ्यात शिरला. देवानं पाय धरलाय.’ म्हणजे पाय सुजला पोराचा आणि गुन्हेगारही पोरगाच. आठ वर्षं तो हे ऐकत आला, आणि त्यातली निम्मी वर्षं त्याला ते खरंही वाटलं.

गावात डॉक्टर होते. त्यांनी सलाईन लावलं, सुई दिली, ‘वजन कमी कर’ म्हणाले. जोतिराम काटकुळा आहे. एकानेही त्याच्या पायाची बोटं फाकवून पाहिली नाहीत.

दर वर्षी आरोग्य खात्याची आशाताई हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन दारात यायची. बिरप्पा दारातच उभा राहायचा. ‘आमच्यात कोण आजारी न्हाय.’ जोतिरामला तेवढ्या वेळापुरता मागच्या वाड्यात, मेंढरांत बसवायचे. हत्तीपाय हा शब्द गावात गेला तर दिपालीला स्थळ येणार नाही, ही भीती. म्हणजे बहिणीच्या नावावर भावाचा पाय लपवला, आणि बहिणीला कुणी विचारलंच नाही.

याच बिरप्पाची दुसरी बाजूही मी सोप्यातल्या खिळ्यावरून रोज पाहत होतो. सकाळी उठला की एकेक मेंढरू आडवं पाडून तो त्याची खुरं बघायचा. खुराच्या फटीतला चिखल काडीने काढायचा, धुवायचा, फडक्याने कोरडं करायचा, औषध भरायचा. एखादं लंगडलं तर देवाचं नाव घ्यायचा नाही. म्हणायचा, ‘फटीत घाण ऱ्हायली असंल.’ मेंढराची नस ओळखणारा माणूस पोराला मात्र भंडारा लावत होता.

शेवटी आशाताईच ब्लाउज शिवायला आली. मी तिच्या दंडाला होतो. दिपालीने विचारलं, ‘ताई, एकाच पायाला सूज, सारखा ताप. काय असंल?’

‘कुणाच्या?’

‘हाय एक.’

आशाताई म्हणाली, ‘ते “हाय एक” मला सा वर्सं म्हाईत हाय. तुजा बाप दारात आडवा हुबा ऱ्हातो, मी काय आंधळी हाय व्हय? सोलापुरात सरकारी दवाखान्यात मंगळवारी निस्त्या ह्याच पायांची ओपीडी असती. घिऊन जा.’

त्याच आठवड्यात पुन्हा ताप आला. बिरप्पाने दिवा लावला, बिब्बा काढला. दिपालीने मला खिळ्यावरून ओढलं आणि भावाच्या पोटरीला गुंडाळलं.

‘आबा, हितं बघा. मागल्या बिब्ब्याच्या आदी एकूणपन्नास हुतं. आज बावन्न.’

‘तुजा टेपच तुटका. दहापासनं मोजलं की दहा जास्तीच येनार की.’

‘दहा वजा करून सांगतीय मी. बावन्न.’

‘लई शानी झालीस. शिवनक्लासात डाक्टरकी शिकीवली व्हय?’

तो सुई तापवू लागला. जोतिराम आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या तोंडावर बोलला. ‘आबा, सुई लावली तर पायानं दिवा उडवीन. मग घर पेटलं तरी चालंल मला.’

आवाज चढवला नव्हता. बिरप्पाने सुई खाली ठेवली.

ताप जरा उतरताच मंगळवारी तिघं एसटीने सोलापूरला गेली. तिसरा बिरप्पाच. पोरगी एकटी पोराला घेऊन गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून आला होता. मी दिपालीच्या पिशवीत, वहीसोबत.

तिथल्या सिस्टर सुंदरम्मा. माहेर सोलापूरच्याच पूर्व भागातल्या विणकरांचं, घरात तेलुगू, मराठी रोखठोक. त्यांनी वही पाहिली. पाच वर्षांची मापं, प्रत्येक तापाआधीची आणि नंतरची. मग दवाखान्याचा टेप पोटरीला लावला. बावन्न. मला लावून दहा वजा केले. बावन्न. इतकी वर्षं लोकांचे खांदे मोजले, पण असा मान मला कधी मिळाला नव्हता.

मग त्या स्टुलावर बसल्या, जोतिरामचा पाय मांडीवर घेतला आणि करंगळीशेजारची बेचकी फाकवली. आत कातडी पांढरी, भिजलेली, चिरलेली.

‘मामा, लांबून काय बघता? इकडं या. हे काय आहे?’

बिरप्पा वाकला. डोळे बारीक करून पाहिलं. बोटाने दाबलं, वास घेतला. सवयच ती. मग हळू म्हणाला, ‘ह्ये तर खूर सडल्यावानी हाय.’

‘मग? मेंढरू असतं तर काय केलं असतं?’

‘धुतलं असतं. कोरडं केलं असतं.’

‘पोराला का नाही केलं?’

जोतिराम बोलला. ‘मी मेंढरू न्हवतो म्हनून.’

सुंदरम्मांना हसू आवरलं नाही. मलाही.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. डासांतून आलेल्या जंतांनी पायातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या खराब केल्या, त्यामुळे सूज. आणि ताप देवाचा नाही, बेचकीतल्या चिरेतून आणि बिब्ब्याच्या जखमांतून आत शिरणाऱ्या जंतूंचा. प्रत्येक ताप नळ्या आणखी बिघडवतो. ‘ताप थांबला तर पाय उतरेल. थांबला नाही तर उतरणार नाही.’ सगळं आता त्यावर होतं. एक वर्ष ताप येऊ द्यायचा नाही.

आधी जखमा भरेपर्यंत औषधं. मग ताप येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. सकाळ-संध्याकाळ साध्या साबणाने पाय धुणं, बेचकी न् बेचकी मऊ फडक्याने टिपणं, मलम. बसताना पाय उंच, घोट्याचा व्यायाम, आणि बोटांपासून वर, सुंदरम्मांनी शिकवला तसा इलॅस्टिकचा पट्टा गुंडाळणं. यात चमत्काराचं काही नाही. म्हणूनच आठ वर्षं कुणाला सुचलं नाही.

घरी आल्यावर पाय बिरप्पा धुऊ लागला. स्वतःहून, न बोलता. हात त्या कामात मुरलेले. बेचकी अशी कोरडी करायचा की पाण्याचा थेंब राहायचा नाही. गोजाबाईने एकदा भंडाऱ्याची वाटी आणली. तो म्हणाला, ‘ती देवाजवळ ठीव. हितं न्हाय.’ त्याने माफी मागितली नाही. म्हाताऱ्यांना माफी मागता येत नाही, त्यांना फक्त कामाला लागता येतं. जोतिरामनेही त्याला माफ केलं नाही. पाय मात्र पुढे केला.

दर मंगळवारी मी पोटरीला. पन्नास. अठ्ठेचाळीस. त्रेचाळीस. मधे एका आठवड्यात आकडा अर्ध्या सेंटिमीटरने वाढला तर घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. पट्टा सैल बांधला गेला होता, एवढंच. पुन्हा नीट बांधला. पावसाळा चिखलाचा, तरी ताप नाही. जत्रा गेली, ताप नाही. वर्ष पुरं झालं त्या मंगळवारी दिपालीने मला लावलं, दहा वजा केले आणि आकडा दोनदा वाचला. एकोणचाळीस.

तिने भावाला पँट शिवली. सहा वर्षांतली पहिली. पट्टा बांधलेला डावा पाय सरळ आत गेला. जोतिराम ती घालून मेंढरांमागे माळाच्या टोकापर्यंत पळत गेला, आणि तिथून अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी शीळ घातली. बिरप्पा वाड्यात एका मेंढराचं खूर हातात धरून बसला होता. ते त्याने बराच वेळ सोडलं नाही.

पुढचं तर मलाही ठाऊक नव्हतं. पँट बघून गावातले पाय बाहेर पडले. एक, दोन, पाच. सगळे कुणा ना कुणा बापाने, सासूने, दिराने मागच्या खोलीत दडवलेले. आता दर रविवारी आमच्या सोप्यात बादल्या मांडतात. जोतिराम धुवायला शिकवतो, दिपाली मापं घेते, आणि ज्याला जखम, ताप दिसेल त्याला मंगळवारच्या गाडीत बसवतात. माझे निम्मे आकडे पुसलेत, मधे एक शिवण मारलीय. पण आशाताईने आणलेला नवा टेप दिपाली ब्लाउजला वापरते. पायांना मीच.

माझं मागणं एवढंच. पाय लपवू नका. बेचकी फाकवून बघा. आणि घरातलं मोठं माणूस दिवा लावून सुई तापवायला बसलं, तर ते मोठं आहे म्हणून गप्प बसू नका.

जिंकलो आम्ही, त्यात वाद नाही. जोतिरामला त्याची किंमत पडली ती अशी: आठ वर्षं, बारावीची परीक्षा, डाव्या पायावर बिब्ब्याचे एकतीस डाग, आणि साडेतीन सेंटिमीटर सूज, जी आता उतरणार नाही.