वहीत न लिहिलेले माप

मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारी, पिवळ्या कापडाची. माझ्या टोकाची पत्र्याची पट्टी केव्हाच निघाली आणि पहिले दोन आकडे घासून गेले. तरी मित्रांनो, मी कधी कुणाला खोटे माप सांगितले नाही.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले गेले आणि तिथून मी थेट आमच्या मास्तरांच्या गळ्यात पडले. फार मानाचे दिवस होते ते. "मास्तर, तुमच्या हातचा कपडा कसा अंगावर बसतो," असे लोक म्हणत, आणि त्यातले अर्धे कौतुक मी गुपचूप माझ्याकडे घेई.

मास्तरांची एक सवय होती. गिऱ्हाइकाचे माप तारीख घालून वहीत उतरवायचे, घरच्यांचे मात्र कधीच नाही. "आपल्या माणसाचं माप कसलं लिहायचं? हाताला ठाऊक असतं," असे ते म्हणत. त्यांची एकुलती एक मुलगी गोल गरगरीत, म्हणून ठमी. माप घेताना तिला गुदगुल्या होत. "पोट आत ओढू नकोस, ठमे, टेपला सगळं कळतं," असे म्हणून मास्तर तिला आणखी हसवत.

ठमी कॉलेजात गेली आणि तिचे कपडे ढिले होऊ लागले. कंबर तीसची अठ्ठावीस झाली, मग सव्वीस. मास्तर दर वेळी शिवण उसवत, कापड आत घेत आणि सफाईने टीप मारत. कपडे इतके नेटके बसत की तिच्या आईलाही काही दिसेना. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तशातली गत. मी आकडे दाखवत होते, पण मागचे आकडे कुठे लिहिलेलेच नव्हते.

एका दुपारी कंबर चोवीस भरली. मास्तर गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होते, चार-पाच ओठांत धरलेल्या होत्या.

"बाबा, जरा थांबा ना. मला तुम्हाला एक सांगायचंय."

"हं," मास्तर म्हणाले. तोंडात टाचण्या असताना एवढेच बोलता येते. कड सरळ यावी म्हणून त्यांनी तिला हातानेच नीट उभे केले.

ती म्हणाली, "राहू दे. नंतर सांगते."

त्यानंतर नवव्या दिवशी ती कॉलेजच्या जिन्यात कोसळली. "परीक्षेत जागं राहता यावं म्हणून तिने मैत्रिणीकडून गोळ्या घेतल्या, मग त्या सुटल्याच नाहीत, भूकही मेली. दोन वर्षं चाललं होतं. घरी कुणालाच कळलं नाही?" डॉक्टरांनी विचारले. मी मास्तरांच्या गळ्यातच होते.

ठमी इस्पितळातून घरी परतली नाही. मास्तरांनी तिचे सगळे कपडे काढले, आत घेतलेली प्रत्येक शिवण उसवली आणि ते पुन्हा तीसच्या मापाचे केले. माझे आकडे मला त्या दिवशी नकोसे झाले.

आता दुकानात नवी टेप आली आहे. पण कॉलेजातले कुणी मापाला आले की मास्तर खुंटीवरून मलाच काढतात. माप मागच्यापेक्षा कमी भरले, तर टाचण्या डबीत ठेवतात आणि समोर बसतात. "बोल बाळा. मला घाई नाही." काही जण हसून जातात. एक जण तासभर रडला होता.

मित्रांनो, तुम्हाला काही सांगायचे असेल आणि समोरचा नुसते 'हं' म्हणाला, तर पुन्हा सांगा. त्याच्या तोंडातल्या टाचण्या ओढून काढा, पण सांगा. आमच्या ठमीने एकदाच सांगून पाहिले.