नायलॉनची गाठ

खट्ट!

दुपारच्या शांततेत ओट्यावर दुमडून बांधलेली पोलादी पट्टी ताडकन उलगडली आणि पोह्यांच्या डब्यावर आदळली.

“खुल गया!” चार वर्षांच्या मधुवंतीनं टाळ्या पिटल्या.

“अगं मृणाल, पुन्हा सुटली का ती?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“सुटायलाच हवी, माई. मीच दोरा जाळला.”

सुताराच्या मापाच्या टेपची ती पट्टी म्हणजे काशीच्या विद्यापीठातल्या मुलांच्या छोट्या उपग्रहाचा अँटेना. फार उंचावरची विरळ हवा मोजायला तो उपग्रह जाणार होता. पट्टी नायलॉनच्या दोऱ्यानं आवळून बांधायची. वर पोचल्यावर एक तार तापते, दोरा जळतो, पट्टी उघडते. उघडली नाही तर उपग्रह मुकाच. मृणालिनी याच टीममधली. मधुवंतीच्या वेळी शिक्षण सुटलं, गाठ तेवढी तिच्याकडे राहिली. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये तिचा सराव व्हायचा. शेवटची, खरी गाठही तिनंच प्रयोगशाळेत जाऊन बांधली.

प्रक्षेपणाला टीम निघाली, तेव्हा तिचंही तिकीट काढलेलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात माईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मार्च महिना, तिच्या नवऱ्याला, देवव्रतला, बँकेतून सुट्टी नाही.

“जा की तू,” माई म्हणाल्या.

“आणि तुमच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार? मधू?”

“ती नाकात घालेल!”

दोघी हसल्या. मृणालिनीनं तिकीट रद्द केलं.

उपग्रह वर गेला त्या सकाळी ती मधुवंतीची वेणी घालत होती. विद्यापीठात रिसीव्हरपाशी बसलेल्या यज्ञेशचा फोन आला.

“दीदी, काशीवरून गेला, पण कुछ नहीं आया. ती गाठ...”

“गाठ काय?”

“काही नाही. दीड तासानं परत येईल.”

“आई, लागतंय!” मधुवंती कळवळली. मृणालिनीनं रिबीन सैल केली. मग माईंच्या डोळ्यांत थेंब घातले. कणीक मळली. झाकून ठेवलेली पुन्हा मळली.

फोन वाजला. आधी नुसता आरडाओरडा, मग त्यातून बारीक टिक्-टिक्, टिक्-टिक्.

“काय गं?” डोळे मिटूनच माईंनी विचारलं.

“सुटली, माई. गाठ सुटली.”

मधुवंतीनं फोन कानाला लावून ऐकलं. मग आईच्या कणकेच्या हातांकडे बघत म्हणाली, “गाँठ तूने बाँधी थी ना? मग सोडवायला तू का नाही गेलीस?”