थांबा म्हणा, मावशी

"थांबा" म्हणायला माणसाला किती कष्ट पडावेत? रुग्णसेवकांच्या वर्गाला शिकवता शिकवता या एका शब्दापायी माझं डोकं उठलंय.

काम साधं आहे. पेशंटला झोळीत घालून पलंगावरून उचलायचं आणि व्हीलचेअरमध्ये बसवायचं, त्यासाठी एक यंत्र असतं. वर्गात सगळे त्याला पाळणा म्हणतात. एक जण यंत्र चालवतो, तो वरिष्ठ. दुसरा पेशंटला धरतो. वरिष्ठाची काही चूक दिसली, तर दुसऱ्यानं तिथल्या तिथे "थांबा!" म्हणून ओरडायचं. परीक्षेत वरिष्ठ म्हणजे परीक्षकच, आणि तो मुद्दाम खुर्चीचा ब्रेक लावत नाही.

देशोदेशीच्या पोरापोरींनी हे आठवड्यात उचललं. एकट्या मावशी अडल्या. पन्नाशीच्या, परक्या देशातून लेकीकडे आलेल्या. ब्रेक राहिलेला सगळ्यांत आधी दिसायचा तो त्यांनाच. मग काय करायच्या? तोंडातून चकार शब्द न काढता हळूच चाकामागे पाय सरकवायच्या आणि छताकडे बघत राहायच्या. जणू वरिष्ठाकडून काही चुकलंच नाही!

"मावशी, अहो, थांबा म्हणा ना!"

"पेशंट पडला का, बाई?"

"नाही पडला, पण..."

"मग झालं तर. मोठ्या माणसाचं चारचौघांत तोंड कशाला पाडायचं?"

पेशंट म्हणजे आमचा वाळू भरलेला बाहुला, आबा. तो खरंच कधी पडला नाही, हीच तर पंचाईत होती. पण खऱ्या पेशंटच्या वेळी पाय पोचला नाही तर?

शेवटी मी ऑफिसात रडगाणं गायले. त्यांनी एक संवादतज्ज्ञ पाठवला. त्यानं सगळ्यांना कागदावर स्वतःची ओळख सांगणारं झाड काढायला लावलं, मुळाशी मूल्यं आणि फांद्यांवर सवयी. मावशींनी इतकं देखणं झाड काढलं की तो ते घडी करून घरी घेऊन गेला. आणि जाताना मला म्हणाला, "तुम्ही यांच्याकडून शिकायला हवं." मी पटापट चहाचे कप गोळा केले, नाहीतर एखादा त्याच्या दिशेनं गेला असता.

मावशी दोनदा नापास झाल्या होत्या. तिसऱ्यांदा झाल्या तर दार कायमचं बंद. वृद्धाश्रमातली नोकरी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती आणि तिच्याबरोबर राहायला खोली मिळणार होती. सध्या त्या लेकीच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपायच्या. जावई टीव्ही बंद करेपर्यंत पाठ टेकता यायची नाही. वर "जावई गुणाचा आहे हो" म्हणायच्या. मला त्यांच्यापेक्षा जास्त त्या खोलीची घाई झाली होती.

परीक्षेला सगळा वर्ग भिंतीला टेकून उभा. परीक्षक बाहेरचे, कधी हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी ब्रेक तसाच ठेवला आणि बटण दाबलं. आबा पलंगावरून वर उचलला गेला. मावशींचा पाय चाकाकडे निघाला. मी डोळे वटारले. पाय मागे आला. माझा जीव टांगणीला लागला.

आणि मावशी खच्चून ओरडल्या, "माझं चुकलं! ब्रेक लावायचा राहिला माझ्याकडून! पाळणा थांबवा!"

परीक्षकांचा अंगठा बटणावरून उठला. आबा अधांतरी लटकत राहिला. मला तर नाचावंसं वाटलं.

"ब्रेक लावायचं काम माझं होतं," परीक्षक म्हणाले. "दुसऱ्याची चूक अंगावर घेणारा माणूस इथे चालत नाही. उद्या अपघात झाला तर चौकशीत खरं कळणार कसं? नापास."

म्हणणं खोटं नव्हतं, त्याचाच जास्त संताप आला. मावशींनी आबाची कॉलर सारखी केली. ते बघून मला राहवेना. समोर कुणीही असो, चूक दिसली की स्पष्ट बोला, असं मीच घसा फोडून शिकवत आले होते. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तरातरा पुढे झाले, तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं?

"सर, माझंच काहीतरी चुकत असेल..."

वर्ग खो खो हसत सुटला. मी इथेच जन्मले, इथेच वाढले, मला कुणी कुठलं झाडबीड काढायला लावलं नव्हतं! कान गरम झाले माझे. हसल्या नाहीत त्या फक्त मावशी. "छान. पुढे बोला, बाई," त्या हळूच म्हणाल्या.

"पण पाळणा तर थांबला ना, सर? त्यांनी थांबवायला सांगितलं आणि तुम्ही थांबवलात."

परीक्षकांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग मावशींकडे वळून म्हणाले, "खरं सांगा. ब्रेक कुणाकडून राहिला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. इथे मी काय मदत करणार, डोंबल? मग त्या पदरानं हात पुसत परीक्षकांच्या अगदी जवळ गेल्या, टाचा उंचावल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. आमच्यातल्या कुणाला अक्षर ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलल्या. परीक्षकांचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी मान हलवली आणि कागदावरचं "नापास" खोडून खाली सही केली.

बाहेर आल्या आल्या मी मावशींना गाठलं. "अहो, सांगा ना! काय म्हणालात त्यांना?"

"त्यांची चूक होती, त्यांना सांगितली," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला कशाला सांगू?"