माझ्या कपाळावरची तीन बोटं

अर्पिता मॅडमना वाटलं होतं, आपल्या भागातल्या कॉलेजात खडू-फळाच असणार. बंगळुरूला शिकून, चांगली नोकरी नाकारून त्या मुरुम गावाजवळच्या आमच्या कॉलेजात रुजू झाल्या आणि त्यांना भेटलो मी. भिंतभर, चकचकीत, अंगावर सत्काराची शाल घेतलेला.

होय, मी स्मार्ट बोर्ड बोलतोय. तीन वर्षं झाली, माझा सत्कार अजून चालूच आहे.

"सर, हा बंद आहे का?" मॅडमनी इतिहासाच्या विरुपाक्ष सरांना विचारलं.

"बंद कशाला? चांगला हाय. फक्त चालू करत न्हाय आमी. एवढं महागाचं मशीन, बिघडलं म्हंजी?"

"ट्रेनिंग कुणी घेतलं?"

"बब्रुवान सरांनी. जेवण लई झ्याक होतं म्हणले. मग रिटायर झाले."

सोमवारी मी गोदामात जाणार होतो. माझ्या जागी कूलर येणार होता! मॅडमनी चिडून शाल ओढली आणि मला चालू केलं. माझ्यावर पान उघडलं आणि लगेच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"बघा," सर दोन पावलं मागं सरकले, "अंगात येतंय त्याच्या."

मी काय करणार? माझ्या चौकटीतून प्रकाशाच्या न दिसणाऱ्या रेषा जातात. मधे काही आलं की मला वाटतं, कुणी बोट लावलं. आणि वरच्या कोपऱ्यात, पान बंद करायच्या फुलीपाशी, कायम तीन बोटं टेकलेली!

मॅडम खुर्चीवर चढल्या. चौकटीच्या आतल्या कडेला विभूतीचे तीन पट्टे होते. दर दसऱ्याला सर भक्तिभावानं माझी पूजा करायचे. मॅडमनी ओढणीनं कड पुसली आणि पान उघडंच राहिलं.

सरांनी कान पकडले. "म्हंजी ते अंगात येणं माझ्यामुळंच?"

कूलर रद्द झाला. वर्गात माझ्यासमोरच पेढे वाटले.

"आता मॅडम आहेत, काळजी मिटली!" गणिताच्या वर्षाराणी मॅडम म्हणाल्या. "माझ्या तासाला या हं. नुसतं चालू करून द्या."

"माझ्याबी!" सर म्हणाले.

अर्पिता मॅडम खुशीत हो हो म्हणत होत्या. मला मात्र धडकी भरली. ट्रेनिंग घेतलेले बब्रुवान सरही असेच एकटे होते. उद्या या कुठं गेल्या, की मी पुन्हा शालीत.

त्या संध्याकाळी घरी जाताना मॅडमनी माझ्या शालीची घडी घातली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "मी नसले, की ही पुन्हा याच्या अंगावर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या स्टाफला वर्गात बसवलं, रिमोट विरुपाक्ष सरांच्या हातात दिला आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

"आजपासून मी याला हात लावणार नाही. ज्याचा तास, त्यानंच चालू करायचा. अडलं तर मी इथं आहे."

"अहो, पण बिघडलं म्हंजी?"

"बिघडू द्या, सर."

सरांनी शर्टाला बोट पुसलं, हळूच माझ्यावर टेकवलं. या वेळी ते विभूतीचं नव्हे, खरं बोट होतं.