व्हिडिओपुरती व्हीलचेअर

मी व्हीलचेअर बोलतेय. "या, बसा" म्हणाले असते, पण माझ्यावर आत्ता कुणाच्या तरी तीन सुटकेसेस आहेत आणि वर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं. अंगावर माणूस घेण्याची सवयच मला राहिलेली नाही.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा चाकं अशी हलकी फिरायची की नुसतं बोट लावलं तरी पुरे. तपासणाऱ्या बाई स्वतः बसून बघायच्या, ब्रेक दाबून बघायच्या. "म्हाताऱ्या माणसांचे आशीर्वाद मिळतील तुला," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी लगेच हुरळून गेले.

मला विकत घेतलं ते उमरा यात्रा, म्हणजे वर्षात कधीही करता येणारी मक्केची यात्रा, नेणाऱ्या टूरवाल्या भाईंनी. त्यांनी आधी माझा फोटो काढून पत्रकावर छापला. खाली लिहिलं, 'ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर. हॉटेल हरमपासून फक्त पाच मिनिटांवर.' हरम म्हणजे ती पवित्र मशीद, जिच्या मधोमध अल्लाहचं घर आहे. त्या घराभोवती सात फेऱ्या घालतात, त्याला तवाफ म्हणतात. हॉटेल पाच मिनिटांवर आहे हे अगदी खरं, फक्त गाडीने आणि रस्ता मोकळा असला तर. यात्रेच्या गर्दीत तो रस्ता गाड्यांना बंदच असतो. पायी जायचं तर चढ, मग पूल, मग पुन्हा चढ. मशिदीच्या दारात खुर्च्या मिळतात म्हणे, पण गुडघे गेलेल्या माणसाने त्या दारापर्यंत पोचायचं कसं?

गेल्या तुकडीत एक खाला आल्या. खाला म्हणजे मावशी. टूरवाल्यांनी तशी हाक मारली आणि मग सगळेच मारू लागले. गुडघ्यांनी कधीच राम राम ठोकलेला, पण तोंडावर सदा हसू. सोबत मुलगी होती. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, त्यामुळे लोकांना गोड बोलून कसं टाळतात हे तिला चांगलंच ठाऊक. पहिल्याच दिवशी दोघी धडपडत चालत गेल्या. खालांचा उमरा पार पडला, पण परत येईपर्यंत गुडघे असे सुजले की त्यांना धरूनच खोलीत न्यावं लागलं.

त्यांची एक इच्छा तेवढी बाकी होती. खरं तर नवरा-बायको दोघं येणार होते. दोघांचे पासपोर्टही आले, आणि नेमका तेव्हाच नवरा वारला. त्यांच्या नावाने एक तवाफ करायचा, एवढं मनाशी ठरवूनच खाला घरून निघाल्या होत्या. खुर्चीत बसून केला तरी चालतो. म्हणजे सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी लॉबीत आली. "भाई, व्हीलचेअर?"

"उद्या नक्की, इन्शाअल्लाह. आज जरा सामान वर चढवायचंय."

उद्या आला तेव्हा मी जेवणाचे डबे वाहत होते. त्यानंतर मला विमानतळावर नेलं, दुसऱ्या तुकडीच्या बॅगा आणायला. मुलगी रोज यायची आणि रोज तेच उत्तर घेऊन जायची. शेवटी तिचा पारा चढला.

"भाई, इन्शाअल्लाह म्हणजे अल्लाहची मर्जी असेल तर. इथे तुमचीच मर्जी नाहीये, त्याला काय म्हणायचं ते सांगा!"

मला इतका आनंद झाला! पण मागून भिंतीचा आधार घेत आलेल्या खालाच म्हणाल्या, "गप गं. इथे येऊन कुरकुर केली की सवाब जातो."

सवाब म्हणजे पुण्य. लॉबीतले सगळे चाचा-चाची माना डोलवू लागले. खोलीतला एसी अंथरुणावर गळत होता, सगळे म्हणायचे सब्र करा. जेवण गार यायचं, तरी सब्र. सब्र म्हणजे संयम. ती फार मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवणारी मी कोण? पण या माणसांनी अल्लाहसाठी केलेला संयम टूरवाले खुशाल आपल्या सोयीसाठी वापरतात, त्याची मला चीड येते. एकदा रागाने मी उंबऱ्याशी अडून बसले. लाथ बसली आणि उजवं चाक वाकडं झालं, दुसरं काही नाही.

परतीच्या दिवशी बस दारात लागली आणि टूरवाल्यांनी मला चक्क फडक्याने पुसलं. वर निरोप गेला, खालांना खाली आणा, व्हीलचेअर मोकळी आहे. खाला लगबगीने आल्या, ओढणी सारखी केली आणि माझ्यावर बसल्या. किती हलक्या होत्या त्या!

"चल गं लवकर," त्या मुलीला म्हणाल्या. "होईल ना वेळेत?"

टूरवाल्यांनी समोर मोबाईल धरला. "खाला, इकडे बघा. सांगा, कशी झाली यात्रा?"

खाला जरा गोंधळल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. "काय सांगू? जन्माचं सार्थक झालं. त्या घरासमोर उभी राहिले आणि सगळं दुखणं विसरले. काही म्हणजे काही कमी पडलं नाही."

"अम्मी, ते अल्लाहच्या घराचं विचारत नाहीयेत," मुलगी म्हणाली. "त्यांच्या टूरचं विचारतायत."

"तेच ते," मोबाईल खिशात टाकत टूरवाले म्हणाले. "मस्त आलंय. उतरा खाला, बस थांबलीय."

"आणि तवाफ?"

"पुढच्या वेळी, इन्शाअल्लाह."

पुढच्या वेळी! त्या वयात, त्या गुडघ्यांवर! मुलगी काही बोलणार होती, पण खालांनी तिचा हात दाबला. बसच्या पायरीवरून मागे वळून त्या टूरवाल्यांना म्हणाल्या, "घटकाभर का होईना, खुर्चीत बसवलंत. बरं वाटलं हो." अगदी मनापासून म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो व्हिडिओ आता जो विचारेल त्याला दाखवतात. खालांचे डोळे भरलेले बघून लोक पटापट नावं नोंदवतात.

काल नवी तुकडी आली. त्यात खालांच्या शेजारीण आहेत, काठी टेकत चालणाऱ्या. लॉबीत सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या, "आम्हाला खालांनीच पाठवलं. म्हणाल्या, टूर फार चांगली आहे, खुर्चीसुद्धा देतात."

आज सकाळी त्या मला मागायला आल्या आणि 'उद्या' ऐकून गुमान वर निघाल्यासुद्धा. अहो बाई, थांबा! मला तोंड असतं तर ओरडले असते. परत फिरा, आवाज चढवा, चारचौघांत भांडा, पण आजच्या आज माझ्यावर बसा. अल्लाह नाराज होणार नाही. झालेच तर टूरवाले होतील.