सगळ्यांनी हात वर केले

मी एक जुना प्रसंग आहे, मित्रांनो. दोन पानांचा, कोपऱ्याला पिन मारलेला. शिकवताना पडणाऱ्या पेचांवर प्राध्यापकांनी एकत्र बसून बोलावं, म्हणून खऱ्या घटनांवरून आम्हाला लिहितात. आम्हाला केस स्टडी म्हणतात.

माझा जन्म कल्याणच्या एका कॉलेजातला. मृणाल मॅडम तिथे नव्या होत्या, नोकरीही कायम नव्हती. त्यांच्या वर्गातली शहाडची दिशा सकाळी आईबरोबर बाजारात भाजीचा गाळा लावायची, त्यामुळे पहिलं लेक्चर बुडायचं. हजेरी कमी भरली. तिला परीक्षेला बसू द्यावं की नाही? मॅडमना सुचेना. पद्धतीप्रमाणे त्यांनी नाव-गाव बदललं, भाजीऐवजी फुलं लिहिली आणि मला प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात चर्चेला ठेवलं.

माझा पहिला दिवस थाटात गेला. मला वाचून सगळे हळहळले. परीक्षा समितीचे प्रमुख परशुराम सर तर गहिवरले. "अशा मुलीला बाहेर ठेवायचं, तर आपण शिक्षक कसले?" सगळ्यांनी हात वर केले. बसू द्यावं, असं ठरलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, समोसे आले. मलाही भारी वाटलं.

तेवढ्यात दिशा दारात आली.

"सर, मी हॉलतिकीटसाठी आलेली. हजेरी कमी म्हणून डिफॉल्टरमध्ये नाव टाकलंय माझं. मम्मीला एकटीला गाळा नाही जमत सर, म्हणून सकाळचं लेक्चर जातं. प्लीज ना."

"अगं, नियम म्हणजे नियम. तुला सोडलं तर उद्या सगळे रांग लावतील," परशुराम सर समोसा खात म्हणाले.

मी त्यांच्या पुढ्यातच होतो. पण माझ्यातली मुलगी फुलं विकायची आणि ही भाजी, त्यामुळे सरांना काही ओळख पटली नाही. मॅडमना सगळं ठाऊक होतं. त्या बोलायला उठल्या, सरांकडे पाहिलं आणि पुन्हा बसल्या. मला त्यांचा आजही राग येतो. दिशा "ओके सर" म्हणाली आणि गेली. ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

आता माझ्या प्रती ठाणे-डोंबिवलीपर्यंत जातात. 'हृदयस्पर्शी' म्हणून कौतुक होतं आणि चहा झाला की मी रद्दीत जातो. त्याचं मला दुःख नाही. दरवर्षी हात वर होतात, दरवर्षी ती मुलगी परीक्षेला बसते, पण फक्त माझ्या पानांवर. याची मला चीड येते.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शिक्षक होईल. मला जपू नका. माझ्यावर चर्चा रंगली असताना दारात कुणी आली, तर मला बाजूला सारा आणि आधी तिचं ऐका. मला कसलीच घाई नसते. तिची परीक्षा सोमवारी असते.