स्त्रीलिंगी तू

शेखरने रेकॉर्डिंग पुन्हा मागे नेलं आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. म्हातारी म्हणाली, "बाआय." म्हणजे ये. पण हे ये बाईमाणसाला म्हणायचं. आणि तिच्यासमोर तर दाऊर बसला होता, चांगला दाढीवाला बाप्या.

काळ्या समुद्राकाठी बोलली जाणारी अबखाझ भाषा शेखर पुस्तकांतून शिकला होता. एका परदेशी विद्यापीठाने तिच्यातल्या गोष्टी जमवायला घेतल्या होत्या. तिकडे दाऊर घरोघरी जाऊन त्या रेकॉर्ड करी. प्रत्येक शब्दाखाली त्याचं व्याकरण लिहायचं: धातू कोणता, काळ कोणता, कोण कोणाला बोलतंय. शेखर हे काम रावेतच्या फ्लॅटमध्ये बसून करी. त्या भाषेत 'तू' दोन. पुरुषाला वेगळा, बाईला वेगळा, आणि क्रियापदाच्या तोंडाशीच त्याची खूण. पोरंसोरंही त्यात चुकत नाहीत.

रेकॉर्डिंगमधल्या एस्माआजी मात्र चुकत होत्या. गोष्ट सुरू करताना दाऊरला पुरुषासारखं बोलत आणि मध्येच कुठेतरी आवाज खाली उतरे, 'तू' बाईचा होई. वयामुळे होत असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. शेखरने अशा शब्दांखाली 'बोलणाऱ्याची चूक' अशी खूण घातली.

तो उठून आत गेला तेव्हा गोजाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"भूक लागली व्हय गं?" त्यांनी न वळताच विचारलं.

"आई, मी शेखर."

गोजाबाईंनी वळून पाहिलं, चोरी पकडल्यासारखं. मग त्याचं ताट वाढून त्या आपल्या खोलीत निघून गेल्या.

प्राजक्ता, शेखरची धाकटी बहीण, चाकणच्या कंपनीत होती. शिफ्ट सुटल्यावर रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेली. त्यानंतर चऱ्होलीचं घर सोडून शेखरने आईला इकडे आणलं. प्राजक्ताने हा फ्लॅट पाहिलाही नव्हता, तरी आईला इथे शेखरच्या जागी ती दिसू लागली. शेखर दर वेळी दुरुस्त करी. एकदा जरी हो म्हटलं तर आई कायमची तिकडेच राहील, अशी त्याला भीती होती.

दुसऱ्या दिवशी त्याने दाऊरला व्हिडिओ कॉल करून एस्माआजींच्या चुका दाखवल्या. दाऊर म्हणाला की, त्या चुका नाहीत. आजींची मुलगी लग्नाआधीच वारली. चुलीजवळची जागा तिची होती. दाऊर पहिल्या दिवशी नकळत तिथेच बसला होता.

"तू त्यांना सांगितलं नाहीस, की मी दाऊर आहे म्हणून?"

"एकदा सांगितलं. त्या दिवशी त्यांनी गोष्ट अर्ध्यात सोडली. नंतर मी नुसतं हं म्हणत गेलो."

आजी आता नव्हत्या. ती अर्धी गोष्ट तशीच राहिली होती.

कॉल संपल्यावर शेखरने रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. या वेळी त्याला दाऊरचे हुंकार ऐकू आले. आजींचा 'तू' बदलला की दाऊर आवाज अगदी बारीक करी, ओळखू येणार नाही इतका. शेखरने चुकीच्या खुणा एकेक करून काढल्या. प्रत्येक ठिकाणी लिहिलं: स्त्रीलिंग, बरोबर.

संध्याकाळी तो दूध घेऊन आला. बेल वाजवली. गोजाबाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आलीस व्हय? कवाची वाट बघतीया."

मी शेखर, हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. त्याने खाली वाकून चपला काढल्या, दोन्ही नीट भिंतीला लावल्या.

"आले, आई," तो बारीक आवाजात म्हणाला.

गोजाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, हातातली पिशवी घेतली, त्याला आत घेतलं. दार मात्र त्यांनी लावलं नाही. कडीवर हात ठेवून त्या बाहेर बघत राहिल्या.

"आन् शेखर?" त्या म्हणाल्या. "त्यो न्हाई आला तुज्यासंगं?"

शेखर त्यांच्यामागे येऊन उभा राहिला आणि त्यांच्या खांद्यावरून तोही रिकाम्या जिन्याकडे पाहू लागला.